रेफ्युजियमचा दिवा रात्री लावा, पण चोवीस तास नको

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात राहतो. हॉलमध्ये चार फुटी सॉल्टवॉटर टँक आहे, संप (टँकखालची पाण्याची दुसरी टाकी) धरून पाणी साधारण ३०० लिटर. टँक सुरू होऊन आठ महिने झाले. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक लॉनमोअर ब्लेनी आणि झोअँथिड, मशरूम असे मऊ कोरल आहेत. तीन महिन्यांपूर्वी संपमध्ये फूटभर लांबीचा रेफ्युजियमचा, म्हणजे शेवाळ वाढवण्याचा कप्पा केला, त्यात चीटो (केसांच्या गुंत्यासारखं हिरवं समुद्री शेवाळ) सोडला आणि वर २५ वॉटचा एलईडी लावला. तो वरच्या दिव्यांबरोबरच सकाळी १० ला लागतो आणि रात्री ८ ला बंद होतो. चीटो मरत नाही, पण वाढतही नाही. नायट्रेट २५ आणि फॉस्फेट ०.१५ पीपीएमवर अडकलंय. फॉस्फेट काढणारा मीडियाही लावलाय. पीएच सकाळी ७.७ आणि संध्याकाळी ८.१ असतो. अल्कलिनिटी (पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद) ८.५ डीकेएच. एक मित्र म्हणतो दिवा चोवीस तास ठेव, दुसरा म्हणतो फक्त रात्री लाव, आणि दुकानदार म्हणतो शेवाळालाही झोप लागते, आठ तास पुरे. रात्री लावायचा तर आई हॉलमध्येच झोपते, आणि एसीमुळे दारं-खिडक्या बंद असतात. वीज गेली की टायमरची वेळ बिघडते ते वेगळंच. एका मित्राने द्राक्षांच्या घडासारखा दिसणारा कॉलर्पा नावाचा शेवाळाचा प्रकार दिलाय, तो चीटोबरोबर टाकू का? पुढे मँडरिन मासा पाळायची इच्छा आहे. नेमकं वेळापत्रक सांगाल का?

उत्तर

नमस्कार,

तुम्ही सकाळ-संध्याकाळचे आकडे दिलेत, अल्कलिनिटीही लिहिलीत, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. आधी निकाल सांगते, मग कारणं. दिवा रात्री ११ ला लावा आणि सकाळी ९ ला बंद करा. तास आत्ता आहेत तेवढेच, म्हणजे १० ठेवा. फक्त वेळ उलटी करा. दोन आठवडे दुसरं काहीही बदलू नका. त्यानंतर दर आठवड्याला एकेक तास वाढवत जास्तीत जास्त १४ तासांपर्यंत, म्हणजे रात्री ८ ते सकाळी १० पर्यंत जा. चोवीस तास लावू नका. आणि हे सगळं करण्याआधी घरातली हवा तपासा, कारण सकाळचा ७.७ हा आकडा एकट्या चीटोच्या बळावर सुधारणार नाही असं मला वाटतं.

आता रात्रच का, ते पाहू. दिवसा कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल, दगडांवरचं आणि काचेवरचं शेवाळ हे सगळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असतात. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं. तो कमी झाला की आम्ल घटतं आणि पीएच चढतो. म्हणून तुमचा सर्वांत चांगला आकडा संध्याकाळी, दिवे मालवायच्या जरा आधी मिळतो. दिवे गेले की ओढून घेणारं कुणी उरत नाही. मासे, कोरल, जिवाणू आणि स्वतः शेवाळ, सगळे फक्त श्वास घेतात. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, ऑक्सिजन उतरत जातो, आणि सकाळी दिवे लागण्यापूर्वी पीएच तळाला पोचलेला असतो.

तुमच्या सध्याच्या वेळापत्रकात चीटोही याच वेळी अंधारात असतो. म्हणजे दिवसा, जेव्हा पीएच आपोआप वर असतो, तेव्हा तो आणखी वर ढकलायला मदत करतो. आणि रात्री, जेव्हा पाण्याला ऑक्सिजनची खरी गरज असते, तेव्हा तोही त्यातला वाटा घेतो. तीन महिने तुम्ही चांगली सोय अगदी नको त्या वेळी वापरताय. वेळ उलटी केली की रात्रभर कुणीतरी कार्बन डायऑक्साइड घेणारं आणि ऑक्सिजन देणारं पाण्यात जागं राहील. ही युक्ती काही आजची नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी यांनी १९८०च्या सुमारास शैवालाच्या जाळ्यांवर पाणी शुद्ध करून प्रवाळभित्तीची टाकी चालवून दाखवली, आणि त्यांच्या पद्धतीत जाळ्यांवरचे दिवे रात्री, मुख्य टाकी अंधारात असताना लावण्याची शिफारस आहे. आपल्या संपमधला चीटोचा कप्पा हा त्याच विचाराचा घरगुती अवतार.

तरी अपेक्षा माफक ठेवा. फूटभर कप्प्यातला चीटो ३०० लिटर पाण्याचा रात्रीचा पीएच फार तर ०.१ च्या आसपास सावरेल. सकाळी ७.७ ऐवजी ७.८ दिसला तर ते यश आहे. ८.० हवा असेल तर वाट दुसरीकडून जाते, आणि ती तुम्ही स्वतःच पत्रात लिहून ठेवली आहे: एसीमुळे दारं-खिडक्या बंद.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या जरा वर असतो. बंद खोलीत दोन-तीन माणसं रात्रभर झोपली की तो १,००० च्या पुढे सहज जातो. घरचा स्प्लिट एसी हवा थंड करतो, ताजी आणत नाही. तीच हवा फिरवत राहतो. तुमचा स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) रात्रभर ही हवा ओढतो आणि बारीक बुडबुडे करून पाण्यात मिसळतो. अल्कलिनिटी तीच राहून हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पाण्याचा पीएच साधारण ०.२५ ते ०.३ ने उतरतो. तुमची अल्कलिनिटी ८.५ आहे, ती उत्तम आहे; अशा पाण्याचा मोकळ्या हवेशी पुरता समतोल झाला तर पीएच ८.२ च्या आसपास यायला हवा. मग ७.७ कुठून आला? बराचसा तुमच्या हॉलच्या हवेतून आला असणार.

खात्री करून घ्यायला एक साधी तपासणी आहे. पुढच्या रविवारी सकाळी, वरचे दिवे लागण्यापूर्वी टँकमधलं दोन पेले पाणी घ्या आणि पीएच मोजून लिहून ठेवा. मीटर वापरत असाल तर आधी ७ आणि १० च्या द्रावणात तो जुळवून घ्या, नाहीतर सगळी मेहनत वाया. एक पेला गॅलरीत ठेवून त्यात छोट्या एअर पंपाने तासभर हवा सोडा. दुसऱ्या पेल्यात हॉलमध्येच, खिडक्या बंद असताना, तासभर हवा सोडा. गॅलरीतल्या पाण्याचा पीएच चढला आणि हॉलमधला जागच्या जागी राहिला, तर दोष घरातल्या हवेचा. दोन्ही सारखेच चढले, तर हवा बरी आहे, टँकमध्ये हवा मिसळण्यात कमतरता आहे: पाण्याचा पृष्ठभाग पुरेसा हलत नाही किंवा स्किमर नीट ओढत नाही.

पहिली शक्यता खरी ठरली तर स्किमरच्या हवेच्या तोंडाला सिलिकॉनची नळी जोडून ती खिडकीबाहेर काढा. नळी शक्य तितकी आखूड आणि जाड घ्या, बारीक लांब नळीतून स्किमरला हवा पुरत नाही. बाहेरच्या टोकाला जाळी लावा आणि टोक खाली वळवा, म्हणजे पावसाचं पाणी आत यायचं नाही. ठाणे-मुंबईत एक गोष्ट कटाक्षाने पाळा: सोसायटीत डासांसाठी धुराची फवारणी होणार असली की नळी आधीच आत ओढून घ्या आणि धूर पुरता विरेपर्यंत आतच ठेवा. या फवारणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं कोळंबी आणि रेफ्युजियममधल्या बारीक जिवांना अत्यंत घातक असतात. दिवाळीच्या चार रात्रीही नळी आतच बरी. पावसाळ्यात आपण खिडक्या लावून बसतो, तेव्हा पीएच घसरलेला दिसला तर चीटोला दोष देण्याआधी एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवून पाहा.

हवेचं झालं. आता तासांचं.

चोवीस तासांचा सल्ला देणाऱ्या मित्राचा हेतू चांगला आहे, आणि त्यात पूर्ण चूक आहे असंही नाही. अखंड प्रकाशातही चीटो जगतो. कित्येक जण तसा ठेवतात. पण तासांच्या प्रमाणात वाढ मिळत नाही. ठरावीक मर्यादेनंतर प्रकाश पचवण्याची शेवाळाची ताकद संपते, आणि उरलेल्या प्रकाशावर कप्प्याच्या काचा, पंप आणि पाइप यांच्यावर चिकट शेवाळ वाढू लागतं. तेही नायट्रेट खातं, पण ते उपसून काढणं कठीण. शिवाय दिवसाच्या तासांत तुमच्या पीएचला मदतीची गरजच नाही. विजेचा हिशेब करा: २५ वॉटचा दिवा १० तास लावला तर महिन्याला साडेसात युनिट, १४ तासांना साडेदहा, चोवीस तासांना अठरा. पैशाची गोष्ट लहान आहे, पण १४ ऐवजी चोवीस तास लावल्याने वाढलेल्या साडेसात युनिटची उष्णता उन्हाळ्यात संपमध्येच जिरते, आणि ती बाहेर काढायला चिलर जास्त चालतो. रात्रीच्या दिव्याचा इथेही फायदा आहे: वरच्या दिव्यांची उष्णता दिवसा, खालच्याची रात्री, त्यामुळे तापमानाचं शिखर थोडं तरी खाली राहतं.

दुकानदार म्हणतात त्या झोपेचं काय? शेवाळाला साखर बनवण्यासाठी अंधार लागतो हा समज बराच पसरलेला आहे. साखर बनवण्याच्या टप्प्याला थेट प्रकाश लागत नाही हे खरं, पण त्याला लागणारी शक्ती प्रकाशातूनच तयार होते, त्यामुळे तो टप्पाही उजेड असतानाच चालतो. अंधार हवा तो वेगळ्या कारणाने: हिरव्या शेवाळांच्या अनेक जातींना आतलं दिवस-रात्रीचं घड्याळ असतं आणि त्यांच्या पेशी विभागण्याचं काम बहुतेक अंधारात होतं. म्हणून काही तासांची विश्रांती मी नेहमी ठेवायला सांगते. पण त्यासाठी प्रकाश आठ तासांवर आणायची गरज नाही. दहा तास अंधार मिळाला तरी चीटोचं छान चालतं.

तुमच्या चीटोकडे येऊ. नायट्रेट २५ आणि फॉस्फेट ०.१५ असलेल्या पाण्यात तो उपाशी नाही. तरी वाढत नाही, याचा अर्थ बहुतेक त्याला प्रकाश कमी पडतोय. तासांआधी प्रकाशाची तीव्रता पाहा. दिवा पाण्यापासून किती उंच आहे? हातभर असेल तर तो १५ ते २० सेंटिमीटरवर आणा. दिव्याखाली काच किंवा अ‍ॅक्रिलिकचं झाकण आहे का? त्यावर मिठाचा पांढरा थर बसला असेल तर बराच प्रकाश तिथेच अडतो. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. दिव्याचा रंग पांढरा आहे की लाल-निळा, याची फार चिंता नको. हरितद्रव्य ४५० नॅनोमीटरजवळचा निळा आणि ६६० जवळचा लाल प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, म्हणून जांभळट दिसणारे ग्रो लाइट वॉटमागे जास्त काम करतात. पण ६५०० केल्व्हिनचा साधा पांढरा दिवाही चीटोला पुरतो. वरच्या टँकमधला गडद निळा दिवा मात्र इथे वापरू नका. तो कोरलचे रंग खुलवण्यासाठी असतो.

मग गोळा फिरतो का ते पाहा. चीटोचा गोळा एकाच जागी पडून राहिला तर वरची दोन बोटं हिरवी राहतात आणि आतला भाग अंधारात कुजतो. कुजलं की जेवढं शोषलं तेवढं परत पाण्यात. छोट्या पंपाचा झोत त्याच्या बुडाशी असा लावा की गोळा संथपणे गरगरत राहील. ते जमत नसेल तर दोन दिवसांनी हाताने उलटा. यात गंमत अशी की तास वाढवण्यापेक्षा गोळा फिरवणं आणि दिवा खाली आणणं यानेच बहुतेक टँकचं काम होतं, आणि लोक मात्र टायमरशी खेळत बसतात.

वाढ मोजायची तर डोळ्यांवर विसंबू नका. दर रविवारी चीटो बाहेर काढा, टँकच्याच पाण्यात हलकेच धुवा, पिळून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. आकडा वहीत लिहा. महिन्यात वजन दुप्पट झालं तर घोडं चाललं म्हणायचं. दुप्पट झालं की अर्धा काढून टाका. पाण्यातलं नायट्रेट चीटोत गेलं म्हणजे ते घराबाहेर गेलं असं नाही. तुम्ही तो गोळा कापून बाहेर टाकता तेव्हाच ते जातं.

आता फॉस्फेटच्या मीडियाविषयी, कारण तो इथे कळीचा आहे. समुद्री शैवालं आणि समुद्री गवत यांच्या शरीरातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये मांडलं: फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे ३० आणि कार्बनचे ५५०. याचं नायट्रेट-फॉस्फेटच्या पीपीएममध्ये रूपांतर केलं तर साधारण २० पीपीएम नायट्रेट उचलताना शैवाल १ पीपीएम फॉस्फेट उचलतं. तुमच्याकडे २५ नायट्रेट आहे आणि फॉस्फेट ०.१५. म्हणजे चीटोने खरोखर जोर धरला की फॉस्फेट आधी संपेल आणि नायट्रेट होतं तिथेच राहील. दगडांमध्ये मुरलेलं फॉस्फेट थोडं थोडं बाहेर येईल, माशांच्या खाण्यातूनही येईल, पण वर मीडियाही ते ओढत असेल तर चीटोची उपासमार ठरलेली. चीटो वाढू लागला की मीडिया काढून टाका. फॉस्फेट दर तीन-चार दिवसांनी तपासा. ते ०.०३ च्या खाली जायला लागलं तर दिव्याचे तास कमी करा किंवा माशांना थोडं जास्त खाऊ घाला. दोन्ही आकडे शून्यावर जाणं ही चांगली बातमी समजू नका. अशा उपाशी पाण्यातच डायनोफ्लॅजेलेट शिरकाव करतात: वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट पडदा. तो घालवायला महिने लागतात. तुमच्या मऊ कोरलना नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मध्ये अगदी सुख आहे.

म्हणून तासांचं गणित असं. आधी सांगितल्याप्रमाणे वाढवत जा, पण १४ गाठणं हे ध्येय नाही. १२ तासांवर नायट्रेट आठवड्याला थोडं थोडं उतरू लागलं तर तिथेच थांबा. नायट्रेट १० च्या खाली आलं की एक-दोन तास कमी करा. दिवा एकदम बंद करू नका, नाहीतर वाढलेला चीटो कोसळेल आणि सगळं पाण्यात ओतेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला निदान आठवडा द्या. चीटो फिकट, पिवळसर पडून ठिसूळ होऊ लागला आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही मोजण्याइतके आहेत, तर लोहाची कमतरता असू शकते; वेगाने वाढणारं शेवाळ पाण्यातलं लोह लवकर संपवतं. अशा वेळी नेहमीचा पाणीबदल आधी करा, बाटलीतला लोहाचा डोस नंतर.

आईंची झोप. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद झाला, कारण घरच्यांना त्रास देणारा टँक फार काळ टिकत नाही आणि टिकूही नये. कॅबिनेटच्या दारांच्या फटींतून आणि मागून प्रकाश येतो. रेफ्युजियमच्या कप्प्याभोवती काळा सनबोर्ड कापून पेटीसारखा उभा करा, दाराच्या कडांना आतून काळी फोमची पट्टी लावा. वरून पूर्ण बंद करू नका; मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून हवेसाठी फट ठेवा, नाहीतर ओल आणि उष्णता कोंडून दिव्याचं आयुष्य कमी होईल. जांभळट दिव्यापेक्षा पांढऱ्याचा झिरपलेला उजेड कमी खुपतो, हाही त्याच्या बाजूने एक मुद्दा. हाच काळजीपूर्वक केलेला अंधार माशांसाठीही लागतो. संपमधला प्रकाश काचेतून किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपमधून वर गेला तर क्लाउनफिशनाही रात्र मिळणार नाही. रिटर्नच्या, म्हणजे पाणी परत वर टँकमध्ये पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यावर उजेड पडला तर तिथे शेवाळ धरून पंप अडकतो. काम झालं की एकदा रात्री हॉलचे सगळे दिवे मालवून आईंच्या अंथरुणावर झोपून पाहा. तिथून उजेड दिसला तर काम अपुरं.

एवढं करूनही त्रास होत असेल तर दिवसाचे दोन तुकडे करा: रात्री ८ ते ११ आणि पहाटे ५ ते सकाळी १०. असे आठ तास मिळतात. मधले सहा तास अंधार राहील, पण पीएच तळाला जातो तो पहाटे-सकाळी, आणि नेमका तिथे दिवा हजर असेल. हे तुकड्यांचं वेळापत्रक मला पहिल्यापेक्षा किंचित कमी आवडतं, पण आईंची झोप त्याहून महत्त्वाची.

टायमरचं उत्तर छोटं आहे. तुमच्याकडे गोल चकतीचा, खुंट्यांचा टायमर असणार. वीज गेली की त्याची चकती थांबते, तीन तास वीज गेली तर तुमची रात्र तीन तासांनी सरकते. दोन-चार वेळा असं झालं की उलटं वेळापत्रक नकळत पुन्हा सुलटं होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आतल्या बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर घ्या. स्मार्ट प्लग घेतलात तर वीज परत आल्यावर तो वेळापत्रकाप्रमाणे स्वतः चालू होतो की बंदच राहतो, हे एकदा मुद्दाम स्विच बंद-चालू करून बघा. संपजवळच्या प्रत्येक वायरला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बसवून घ्या, या पत्रातल्या इतर कुठल्याही गोष्टीच्या आधी. इन्व्हर्टर असेल तर त्यावर रिटर्न पंप किंवा वेव्हमेकर ठेवा, रेफ्युजियमचा दिवा नको. वीज नसताना माशांना हलतं पाणी हवं. चीटो एक रात्र उजेडाविना सहज काढतो.

मित्राने दिलेला कॉलर्पा चीटोबरोबर टाकू नका. तो सुंदर आहे, भरभर वाढतो, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. कॉलर्पाची अख्खी वेल, पानं, मुळं धरून, एकच अवाढव्य पेशी असते. पुनरुत्पादनाची वेळ आली की आतला सगळा ऐवज जननपेशींत बदलतो आणि एका पहाटे पाण्यात सुटतो. मागे पांढरी, पारदर्शक साल उरते, पाणी दुधाळ होतं, आणि साठवलेलं नायट्रेट-फॉस्फेट एका तासात परत येतं. भरलेल्या टँकमध्ये ऑक्सिजनही घसरतो. पनामाच्या प्रवाळभित्तींवर १९९० च्या दशकात केलेल्या निरीक्षणांत अशी हिरवी शैवालं पहाटेच्या थोड्याशा वेळात जननपेशी सोडताना दिसली. अंधारानंतर येणारा उजेड हा त्यांचा इशारा दिसतो, आणि रेफ्युजियमचा दिवा चोवीस तास ठेवायचा सल्ला मुख्यतः इथून आला: अंधारच दिला नाही तर पहाटही होणार नाही. कॉलर्पा पाळणाऱ्यांसाठी त्यात तथ्य आहे, पूर्ण हमी मात्र नाही. तुमच्या पहिल्या मित्राने बहुधा हाच सल्ला चीटोला लावला.

नको असलेला कॉलर्पा बेसिनमध्ये, खाडीत किंवा समुद्रावर टाकू नका. टँकमधून सुटलेल्या कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा तुकडा १९८४ मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात आढळला आणि तिथून तो भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला. २००० मध्ये तोच कॅलिफोर्नियातल्या एका खाऱ्या पाण्याच्या सरोवरात सापडला, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून तो मारावा लागला आणि कॅलिफोर्नियाने त्याच्यासह अनेक जाती बाळगण्यावर बंदी घातली. तुमची जात दुसरी आहे, आपल्या किनाऱ्यावर कॉलर्पाच्या काही जाती मुळातच आहेत, तरी दुकानातून आलेलं ते घराबाहेरच्या पाण्यात जाऊ नये. दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि सुक्या कचऱ्यात टाका. याच ओघात: कोकणातल्या खडकांवर लाटांच्या माऱ्यात हिरव्या केसांचे झुबके दिसतात, त्यातले बरेच चीटोच्याच कुळातले असतात. पण ते खडकाला धरून, उसळत्या पाण्यात वाढणारे. संपच्या संथ कप्प्यात ते टिकत नाहीत, आणि सोबत नको ते जीव घरात येतात. मालवणला गेलात तर ते तिथेच पाहा.

मँडरिनबद्दल. हा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (कोळंबीच्या गटातले अगदी बारीक जीव) एकेक करून वेचत फिरतो. रेफ्युजियमचं उलटं वेळापत्रक त्यालाही सोयीचं, कारण हे बारीक जीव अंधारात जास्त हिंडतात. तुमचा कप्पा दिवसा अंधारात असेल तेव्हा त्यातले काही रिटर्न पंपातून वर जातील, आणि त्या वेळी मासा जागा असेल. रेफ्युजियम आणि रिटर्नच्या मध्ये फिल्टर सॉक किंवा दाट स्पंज असेल तर तो काढा, नाहीतर सगळे तिथेच अडकतील. पण आत्ता घेऊ नका. तीन महिन्यांच्या, न वाढलेल्या चीटोत त्याच्या पोटापुरते जीव नाहीत. चीटो दोन-तीनदा कापून झाला, रात्री टॉर्च मारल्यावर काचेवर पांढरे ठिपके सरसर पळताना दिसू लागले, टँकला वर्ष होऊन गेलं, की मग विचार करा. आणि तेव्हाही दुकानात तो मासा गोठवलेलं खाणं उचलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि त्याचं पोट खपाटीला गेलेलं नाही याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.